उजळणीचे तास

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या व्यक्तीने एकदा पदविका किंवा प्रमाणपत्र मिळवले की तिचे स्वतःचे शिक्षण पुरे झाले, अशी समजूत बालशिक्षणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ रूढ होती आणि आजही ती पुरती मोडलेली नाही. बालविकास म्हणजे जन्मापासून मुलाच्या शरीरात, भाषेत, विचारात आणि भावनांत क्रमाने घडत जाणारे बदल. हा अभ्यासविषयच असा आहे की त्यातील कालची खात्री आज तपासून घ्यावी लागते. वस्तू नजरेआड झाली तरी ती कुठेतरी असतेच, या जाणिवेला वस्तुस्थायित्व म्हणतात; ही जाणीव मुलाला साधारण आठव्या-नवव्या महिन्यानंतर येते असे ज्याँ पियाजे यांनी मांडले होते, परंतु रेने बायार्जाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच महिन्यांची मुलेही लपलेली वस्तू ‘नाहीशी’ झालेली पाहून अधिक वेळ टक लावून बघत राहिली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने तर फेब्रुवारी २०२२ मध्ये विकासटप्प्यांच्या, म्हणजे कोणत्या वयात मूल काय करू लागते याच्या, याद्याच बदलल्या. पूर्वी साधारण निम्मी मुले एखादी गोष्ट ज्या वयात करू लागतात ते वय प्रमाण मानले जाई. नव्या याद्यांत १०० पैकी किमान ७५ मुलांना ती गोष्ट जमण्याची अपेक्षा असते ते वय धरले आहे, आणि रांगणे हा टप्पा तर वगळलाच आहे, कारण अनेक निरोगी मुले रांगण्याची पायरी गाळून थेट उभी राहतात. जुनी यादी पाठ असलेली शिक्षिका अशा मुलाच्या आईला विनाकारण धास्ती घालू शकते, आणि त्यात तिचा दोष एवढाच की तिला नवे कोणी सांगितलेले नसते.

सेवेत राहून ठरावीक काळाने पुन्हा शिकण्याच्या व्यवस्थेला सातत्यपूर्ण शिक्षण म्हणतात, आणि ते सक्तीचे करण्याचा एक सविस्तर प्रयत्न अमेरिकेत दिसतो. तेथे चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट, संक्षेपाने सीडीए, नावाचे देशभर मान्य प्रमाणपत्र आहे. ते मिळवण्यासाठी १२० तासांचे औपचारिक शिक्षण आणि मुलांसोबत ४८० तासांचा अनुभव लागतो, शिवाय एक तज्ज्ञ प्रत्यक्ष वर्गात येऊन उमेदवाराचे काम पाहतो. हे प्रमाणपत्र तीन वर्षेच चालते आणि नूतनीकरणासाठी नव्याने ४५ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. याखेरीज प्रत्येक राज्याचे परवान्याचे नियम वेगळे असतात. टेक्सासमध्ये परवानाधारक बालसंगोपन केंद्रात काम करणाऱ्यांना दर वर्षी २४ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि त्यातील किमान सहा तास मुलांची वाढ व विकास, शिस्त, वयानुरूप अभ्यासक्रम आणि शिक्षिका व मूल यांच्यातील व्यवहार या विषयांचे असावे लागतात. दोन वर्षांखालील बाळे सांभाळणाऱ्यांना याच २४ तासांत एक तास असा घ्यावा लागतो की ज्यात बाळाला जोराने हलवल्यामुळे होणारी मेंदूची इजा, बाळाला सुरक्षित झोपवण्याच्या पद्धती आणि मेंदूचा आरंभीचा विकास हे तिन्ही विषय उरकायचे असतात. मेंदूच्या वाट्याला येणारी ही वीस मिनिटे पाहिली म्हणजे तासांच्या हिशेबाची मर्यादा ध्यानात येते. तास मोजणे सोपे असते, त्यांची नोंद तपासनिसाला दाखवता येते, आणि नियम करणाऱ्याला तेवढे पुरतेही. शिकलेले वर्गात उतरले की नाही, हे मात्र हजेरीपत्रकावर दिसत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे रूप वेगळे आहे, कारण येथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांची फार मोठी संख्या अंगणवाडीत जाते आणि अंगणवाडी ही एकाच वेळी आहाराची, आरोग्याची आणि शिक्षणाची जागा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत सेविकेच्या प्रशिक्षणाची तरतूद आरंभापासून होती; पुढे स्थिरावलेल्या नियमांनुसार तिला कामासाठीचे सुमारे महिनाभराचे प्रशिक्षण आणि दर दोन वर्षांनी पाच दिवसांचे उजळणी प्रशिक्षण मिळणे अपेक्षित होते. या व्यवस्थेत सक्ती शिक्षिकेवर नसून जबाबदारी शासनावर होती, हा अमेरिकी पद्धतीपासूनचा मोठा फरक आहे; सेविकेला स्वतःच्या पैशाने तास विकत घ्यावे लागत नाहीत, पण शासनाने वर्ग भरवला नाही तर तिच्यापाशी मागण्यासारखे फारसे काही उरतही नाही. तिला मिळते ते ‘मानधन’, पगार नव्हे, आणि हा शब्दच तिचे स्थान सांगतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू असल्याचा निर्णय देताना अंगणवाडीतील पूर्वशालेय शिक्षण ही शैक्षणिक क्रिया असल्याचे मान्य केले, यासाठीही योजनेला सत्तेचाळिसावे वर्ष उजाडावे लागले.

८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानाने शिकण्याची एक निराळी रीत आणली. तिच्यात अभ्यासक्रम २१ छोट्या घटकांत विभागलेला होता. अनेक अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या मासिक बैठकीत एक घटक समजून घ्यायचा, महिनाभर गावात तो वापरून पाहायचा आणि पुढच्या बैठकीत अडचणी घेऊन यायचे, अशी ही क्रमशः शिकण्याची पद्धत होती. प्रौढ व्यक्ती कामातून शिकते हे ओळखणारी ही रचना अतिशय शहाणी म्हटली पाहिजे. मात्र तिचा आशय बहुतांशी गर्भवतीची काळजी, स्तनपान, वरचा आहार आणि गृहभेट यांचा होता, आणि मूल विचार कसा करते, खेळातून काय शिकते, बोलत का नाही, हे प्रश्न कडेला राहिले. उलट मे २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘पोषण भी पढ़ाई भी’ हा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा आशय नेमका बालविकासाचा झाला, पण रीत पुन्हा जुनीच आली: वरच्या स्तरावर प्रशिक्षित झालेल्यांनी खालच्या स्तराला शिकवायचे आणि सेविकांनी तीन दिवसांचे शिबिर करून परत जायचे. धबधब्यासारख्या या उतरत्या प्रशिक्षणात प्रत्येक पायरीवर थोडे पाणी वाटेत सांडते, हा सगळ्यांच्या परिचयाचा अनुभव आहे. एका योजनेपाशी योग्य रीत होती आणि दुसरीपाशी योग्य आशय. ही गाठ घालून देणे हे काही अवघड शास्त्र नव्हे.

शिवाय ही गाठ महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला केलेल्या कामानंतर १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे केंद्र उभारले, अनुताई वाघ तेथे त्यांच्यासोबत आल्या, आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्याचा प्रयोग झाला. अंगणवाडी या शब्दाचे मूळ तेथे आहे. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे शिक्षिका घडत ती मुलांच्या सहवासात, आणि पुढच्या दिवसाचा पाठ आज मुलांनी काय केले यावरून ठरे. निरीक्षण हे तिथल्या प्रशिक्षणाचे परिशिष्ट नव्हते, तेच प्रशिक्षण होते.

या निरीक्षणाची गरज भाषेच्या बाबतीत सर्वांत अधिक जाणवते. मेळघाटातील अंगणवाडीत चार वर्षांचे कोरकू मूल आठवडेच्या आठवडे गप्प बसते, तेव्हा त्याचा भाषाविकास मंद आहे, त्याला नीट ऐकू येत नाही, की ते केवळ मराठी कानावर बसण्याची वाट पाहत आहे, हे कोणतीही छापील यादी सांगू शकत नाही. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे आणि मराठीशी तिचे नाते नाही, त्यामुळे वारली मुलाला मराठीत जे थोडे ओळखीचे वाटते तेही या मुलाला वाटत नाही. सेविकेने ते मूल अंगणात, भावंडांत, आईजवळ कसे बोलते ते पाहून टिपून ठेवावे आणि ती टिपणे बीटच्या, म्हणजे एका मुख्यसेविकेच्या क्षेत्राच्या, बैठकीत इतर सेविकांपुढे ठेवावीत, असा तास कोणत्याही शिबिरापेक्षा अधिक शिकवील. अर्थात त्यासाठी त्या बैठकीचा वेळ पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपमधील राहिलेल्या नोंदी पुऱ्या करण्यातून सुटला पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी उत्तीर्ण सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली, तीही मोबाइल व दूरचित्रवाणीच्या माध्यमातून आणि महिन्यातून किमान एका प्रत्यक्ष वर्गासह. त्याच धोरणाने शाळेतील प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली. तीन ते आठ ही वयाची पाच वर्षे धोरणाने एकाच पायाभूत स्तरात बसवली असली तरी त्या स्तरातील शिक्षिकांना शिकण्याची जबाबदारी मात्र सारखी लागू झालेली नाही. पहिलीच्या बाईंना ५० तास आहेत, सेविकेला बैठक आणि शिबिर आहे; परंतु शहरातील इमारतींच्या तळमजल्यावर चालणाऱ्या, कोणत्याही शाळेला न जोडलेल्या खासगी नर्सरीतील शिक्षिकेने यंदा बालविकासाचे काही नवे वाचले काय, हे विचारणारे तिच्या संचालकांखेरीज सहसा कोणी नसते, आणि फी भरताना पालक विचारतात ते बहुधा इंग्रजी बोलण्याविषयी आणि सीसीटीव्हीविषयी.