एक मणी बदलला, अन् रक्त बिघडले!

'दिन' लिहिताना चुकून 'दीन' लिहिले, तर एका वेलांटीने अर्थ बदलतो. शरीरातही असे घडते. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. हे मणी वीस प्रकारचे. त्यांच्या क्रमावरच प्रथिनाचे काम अवलंबून असते.

रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हेही प्रथिनच. त्याच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे. तेथे व्हॅलिन आले, की सिकलसेलचे हिमोग्लोबिन तयार होते. व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५७ साली हे दाखवून दिले.

ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवते, व्हॅलिनला नाही. त्यामुळे प्राणवायू सोडला, की हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते. गोल, मऊ तांबडी पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडे, सांधे, पोटात असह्य कळा येतात. १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. रक्त कमी होते, डोळे पिवळसर दिसतात.

विदर्भात व नंदुरबारकडे हा आजार बराच आढळतो. मूळ कारण लोहाची कमतरता नसल्याने केवळ टॉनिकने तो बरा होत नाही. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या घेत राहू नयेत.

हा आजार संसर्गजन्य नाही. तो आनुवंशिक आहे. आई किंवा वडील एकाकडूनच दोष आला, तर मूल 'वाहक' होते. त्याला सहसा त्रास होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के असते. म्हणजे अशा घरात एकट्या सुनेला बोल लावणे हा शुद्ध अन्याय आहे!

पत्रिकेतले छत्तीस गुण जरूर पाहा. पण आधी रक्त तपासून घ्या. सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसल्यास इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचणीने वाहक की रुग्ण हे कळते. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून, तिच्यात तपासणीवर भर आहे.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, कडक ऊन, थंडी व अतिश्रम टाळावेत. ताप, धाप किंवा छातीत दुखणे अंगावर काढू नये. हायड्रॉक्सीयुरियाने कळांचे झटके कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. बदललेला मणी गोळीने जागेवर येत नाही, पण वेळीच निदान झाले तर आयुष्य नक्कीच सुसह्य होते.