सवलत फक्त वयाची

मूल्यं जपायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं कुणी विचारलं की मी स्वाती महाडिक यांचं नाव घेतो.

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. पदरात दोन मुलं. नवऱ्याचं पहिलं प्रेम वर्दी; तीच आपण घालायची, असं स्वातीताईंनी ठरवलं. वय पस्तिशीपुढे गेलेलं. सेनेने सवलत दिली, पण फक्त वयाची! एसएसबीची निवडचाचणी सगळ्यांसारखीच.

मग चेन्नईच्या ओटीएमध्ये सुमारे अकरा महिने. पहाटेची पीटी, पाठीवर वजन घेऊन धावणं, तेही तिथल्या घामट हवेत आणि विशी-पंचविशीतल्या पोरांच्या बरोबरीने. मुलं बोर्डिंग शाळेत. मला तर हे धावण्याहून अवघड वाटतं.

९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. संचलनानंतर घरच्यांनी खांद्यावर तारे लावायची रीत आहे. तेव्हा मैदानावर हसणारे कोण, रडणारे कोण, कळत नाही.

२०२० मध्ये शहीद मेजर कौस्तुभ राणे यांच्या पत्नी कनिका राणे त्याच ओटीएतून अधिकारी झाल्या.