ओपन सोर्स मार्गदर्शन कार्यक्रम : शिकणाऱ्याचे कर्तव्य आणि शिकवणाऱ्याचेही

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब भागातील आपली अनेक मुले-मुली आज बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र, अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांच्याकडे पदवी येते, पण वशिला येत नाही. कंपनीत कोणी नातेवाईक नसतो, कोड तपासून चूक दाखवणारा कोणी नसतो. ही उणीव काही अंशी भरून काढणारी एक वाट म्हणजे ओपन सोर्स मार्गदर्शन कार्यक्रम.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचू, वापरू आणि सुधारू शकतो असे सॉफ्टवेअर. लिनक्स, फायरफॉक्स, विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी ही त्याची उदाहरणे. या प्रकल्पांत नवख्यांना आणण्यासाठी 'गुगल समर ऑफ कोड' २००५ पासून चालतो. २०२२ पासून तो फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. वय १८ पूर्ण असलेल्या, ओपन सोर्समध्ये नवीन असलेल्या कोणालाही अर्ज करता येतो. दुसरा कार्यक्रम 'आउटरीची'. तंत्रज्ञान क्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, ज्यांचे प्रतिनिधित्व कमी आहे, त्यांच्यासाठी तो आहे. तीन महिने, आठवड्याला ३० तास काम आणि ७,००० डॉलर मानधन. त्यात कोडिंगशिवाय डिझाइन आणि माहिती-लेखनाचीही कामे असतात. सुरुवातीच्या अर्जात भेदभावाच्या अनुभवावर लिहायचे असते. तिथे जात लपवण्याची गरज नाही. जे भोगले ते साध्या शब्दांत लिहावे.

या दोन्ही कार्यक्रमांत अर्जासाठी एक रुपयाही लागत नाही. "निवड करून देतो" म्हणून कोणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजावी.

दोन्ही बाजूंची कर्तव्ये

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी शिष्याची पाच आणि आचार्यांचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याने आदर ठेवावा, तत्पर राहावे, मन लावून शिकावे. आचार्यांनी नीट शिकवावे, समजले की नाही ते पाहावे, हातचे काही राखू नये, मित्र-सहकाऱ्यांत त्याचे नाव चांगले करावे, त्याला सर्व दिशांनी सुरक्षित करावे. नाते एकतर्फी नाही, हा त्यातला गाभा. ओपन सोर्समधले नातेही असेच चालते.

विद्यार्थ्याची जबाबदारी

पहिली, अर्जापूर्वीच काम सुरू करणे. प्रकल्प आपल्या संगणकावर चालवून पाहावा, छोटी चूक दुरुस्त करावी. आउटरीचीमध्ये असे योगदान केल्याशिवाय अंतिम अर्जच धरला जात नाही.

दुसरी, प्रस्ताव स्वतः लिहिणे. एआयकडून घेतलेला, न समजलेला कोड तपासणीतल्या पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, बोलत राहणे. आपली मुले अडली की गप्प बसतात. वर्गात प्रश्न विचारला म्हणून ज्यांना हसले गेले, त्यांना ही सवय लागणे नवल नाही. पण इथे गप्प बसणे म्हणजे काम सोडणे असाच अर्थ निघतो. वीज गेली, रेंज नाही, परीक्षा आली, घरी सोयाबीनची पेरणी निघाली, तर ते आधीच कळवावे. दर आठवड्याला तीन ओळी पुरतात : काय केले, कुठे अडले, पुढे काय करणार. समर ऑफ कोडमध्ये मध्यावर आणि शेवटी मूल्यमापन होते आणि मानधन त्यावर अवलंबून असते.

मार्गदर्शकाची जबाबदारी

मार्गदर्शक बहुतेक वेळा आपला मोकळा वेळ देणारा स्वयंसेवक असतो. तरीही काम स्पष्ट सांगणे, प्रश्नांना वेळेवर उत्तर देणे, कोड तपासून चुकीचे कारण समजावणे आणि मूल्यमापन प्रामाणिकपणे करणे हे त्याच्यावर बंधनकारक आहे. विद्यार्थ्याचा कोड स्वतः लिहून देणे ही मदत नव्हे. मार्गदर्शक उत्तरच देत नसेल, अपमान करत असेल, तर संस्थेच्या प्रशासकाकडे दाद मागावी. समर ऑफ कोडच्या मूल्यमापनात विद्यार्थीही आपला अनुभव नोंदवतो. तो हक्क आहे, उद्धटपणा नाही.

आपण काय करू शकतो?

बाबासाहेबांना घडवताना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेच केले. मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढील शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. पुस्तक दिले, ओळख करून दिली. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांनी त्या संधीचे काय केले, हे जगाला ठाऊक आहे.

आपल्या विहारांत रविवारी दोन तास, एक लॅपटॉप आणि इंटरनेट एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. नोकरीला लागलेल्या दादा-ताईंनी महिन्यातून एकदा ऑनलाइन बसून एका मुलाचा प्रस्ताव वाचावा. समर ऑफ कोडचे अर्ज साधारण मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला भरले जातात, म्हणजे तयारी दिवाळीनंतर लागलीच हवी. आणि ज्याची निवड होईल, त्याने पुढच्या वर्षी कोणाचा तरी मार्गदर्शक व्हावे.

जय भीम! नमो बुद्धाय!