ढगात बर्फ कोण धरतो? समुद्राचे कण, गारा आणि आपले समज

फेब्रुवारी-मार्चमध्ये नारायणगावच्या पट्ट्यात द्राक्षाचे घड उतरवायला आलेले असतात, आंबेगावात कांदा शेतात असतो आणि नेमकी तेव्हाच अवकाळीची गडगडाटी आभाळे जमतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने महाराष्ट्राचा मोठा भाग झोडपला. तासाभराच्या गारांत वर्षाचे कष्ट जातात, म्हणून ढगात बर्फ कसा धरतो हे शेतकऱ्याला नीट माहीत असायला हवे. समुद्राचा त्यात वाटा आहे, पण तो बहुतेकांना वाटतो तसा नाही.

गैरसमज : तापमान शून्याखाली गेले की ढगातले पाणी गोठतेच.

वस्तुस्थिती : ढगातला शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत द्रवच राहू शकतो. त्याआधी गोठायला त्याला एखादा घन कण लागतो, ज्याच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू बर्फाच्या रचनेत बसू शकतील. असे कण फार दुर्मीळ. उणे २० अंशांना लिटरभर हवेत असा जेमतेम एखादा कण सापडतो. त्याच हवेत इतर सूक्ष्म कण मात्र लाखोंनी असतात.

गैरसमज : समुद्रावरून येणारे मीठ ढगात बर्फ तयार करते.

वस्तुस्थिती : मीठ वाफ ओढून घेते, त्याच्याभोवती पाण्याचा थेंब धरतो आणि मीठ त्यातच विरघळून जाते. मग बर्फाला टेकायला पृष्ठभाग उरत नाही. शिवाय खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठते. बर्फ धरणारा समुद्री कण वेगळाच असतो. डायटमसारखी सूक्ष्म शैवाले जी सेंद्रिय द्रव्ये सोडतात, ती पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरात साठतात. लाटा फेसाळल्या की बुडबुडे फुटतात आणि ही द्रव्ये तुषारांबरोबर हवेत उडतात. आर्क्टिक आणि अटलांटिकमधल्या या थराचे नमुने तपासून त्यांत पाणी गोठवण्याची क्षमता असल्याचे संशोधकांनी २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले.

गैरसमज : पाऊस पडायचा तर आधी ढगात बर्फ व्हावाच लागतो.

वस्तुस्थिती : नाणेघाट, माळशेज आणि भीमाशंकरचा पावसाळा याचे उत्तर देतो. त्या महिन्यांत शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटर उंचीवर असते. घाटमाथ्याला टेकलेले ढग तिच्या बरेच खाली असतात, तरी धो-धो बरसतात. इथे मीठ कामाला येते. शंभरेक किलोमीटरवरच्या अरबी समुद्रातून आलेल्या मिठाच्या जाड कणांवर मोठे थेंब धरतात, ते लहान थेंबांना गिळत खाली येतात आणि बर्फाशिवाय पाऊस होतो. सह्याद्रीतल्या ढगांच्या अभ्यासासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची महाबळेश्वरला खास प्रयोगशाळा आहे.

गैरसमज : समुद्राचे कण वाढले की गारपीट वाढते.

वस्तुस्थिती : गारपिटीचा मूळ जोर वाऱ्याच्या उभ्या झोतात असतो. तापलेली जमीन, खालच्या थरात ओलावा आणि वर थंड, कोरडी हवा असे जुळले की झोत ढगाला दहा-बारा किलोमीटरपर्यंत नेतो. गोठलेला दाणा या झोतावर तरंगत राहतो, न गोठलेले थंड थेंब त्याच्यावर आदळून गोठतात आणि गार वाढते. बर्फ धरणारे कण गारांची संख्या आणि आकार बदलू शकतात, पण हिशेब सरळ नाही. दाणे फार झाले तर उपलब्ध पाणी त्यांच्यात वाटले जाऊन प्रत्येक गार लहानही राहू शकते. शिवाय जमिनीवरच्या ढगांत खनिज धूळ आणि मातीचे कण यांचाच वाटा मोठा असतो. समुद्री सेंद्रिय कणांचे महत्त्व सर्वाधिक दिसते ते जमिनीपासून दूर, अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरावर.

गैरसमज : तोफेचा आवाज किंवा विमानातून फवारणी केली की गारा टळतात.

वस्तुस्थिती : तोफेच्या आवाजाने गारा फुटतात किंवा थांबतात याला शास्त्रीय आधार नाही. फवारणीतल्या सिल्व्हर आयोडाइडचे कण बर्फ धरतात हे शास्त्रज्ञ बर्नार्ड व्हॉनगट यांनी १९४६ मध्ये दाखवले. पण ते साधारण उणे पाच अंशांखालीच काम करतात आणि गारा रोखण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष ठाम नाहीत. पुण्याच्या याच संस्थेने २०१८-१९ मध्ये सोलापूर परिसरात केलेली ढगांची पेरणी ओलावा ओढणाऱ्या क्षारांची होती. तिचा हेतू पाऊस वाढवणे हा होता, गारा थांबवणे नव्हे.

म्हणून कोणी गारा रोखण्याचे यंत्र किंवा फवारणी विकायला आले तर आधी विचारावे : तुमचा कण थेंब धरतो की बर्फ, किती तापमानाला, आणि हे कोणत्या चाचणीत सिद्ध झाले? उत्तर मिळेपर्यंत बागेवरचे आच्छादन, पीकविमा आणि हवामान खात्याचा तातडीचा इशारा यांवरच भिस्त ठेवावी. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असू द्यावे. ढगातली वीज बर्फाचे कण एकमेकांवर घासूनच साठते. त्यामुळे गारांच्या ढगाखाली पीक झाकण्याआधी माणसाने आणि जनावराने सुरक्षित जागी जाणे महत्त्वाचे.