साथरोगांचे जीनोम निरीक्षण

साथरोगांचे जीनोम निरीक्षण : रोगकारक सूक्ष्मजीवाच्या जीनोमातील (आनुवंशिक द्रव्याच्या संपूर्ण संचातील) घटकांचा क्रम रुग्णांच्या नमुन्यांवरून नियमितपणे ठरवून त्या सूक्ष्मजीवात होणाऱ्या बदलांवर व त्याच्या प्रसारावर लक्ष ठेवण्याची सार्वजनिक आरोग्यातील पद्धती. कोव्हिड–१९ च्या साथीत भारतात ही पद्धती प्रथमच राष्ट्रव्यापी प्रमाणावर राबविण्यात आली. क्रमनिर्धारण मोजक्याच मोठ्या प्रयोगशाळांत होत असले, तरी नमुना गोळा करणे, रुग्णास अलग ठेवणे व त्याच्या सहवासितांचा शोध घेणे ही कामे स्थानिक आरोग्ययंत्रणेलाच करावी लागतात. या दोहोंतील दुवा दुर्बल असल्यास निरीक्षणाचा निष्कर्ष केवळ शास्त्रीय नोंद म्हणून उरतो.

पूर्वेतिहास : साथीचे निरीक्षण व संशोधन यांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्‌भवल्यानंतर १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला आणि १८९९ मध्ये परळ येथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा (आताची हाफकिन संस्था) स्थापन झाली. पुणे येथे १९५२ मध्ये सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे नामांतर झाले. पोलिओ निर्मूलनाच्या कार्यक्रमात मुंबईतील सांडपाण्याच्या नमुन्यांची विषाणूंसाठी नियमित तपासणी २००१ पासून होऊ लागली. एकात्मिक रोगनिरीक्षण प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे जिल्हा, राज्य व केंद्र या तीन पातळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या.

तत्त्व व कार्यपद्धती : कोव्हिड–१९ च्या विषाणूचा जीनोम सु. ३०,००० न्यूक्लिओटाइडांचा असून विषाणूच्या प्रत्येक पुनरुत्पादनात त्याची प्रत तयार होते. प्रत होताना घडणाऱ्या चुकांना उत्परिवर्तने म्हणतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. काहींमुळे मात्र विषाणूचा प्रसार वाढतो किंवा पूर्वीच्या प्रतिकारक्षमतेला तो चुकवू शकतो. नेहमीच्या आरटी-पीसीआर परीक्षेत विषाणू आहे किंवा नाही एवढेच कळते. तो कोणत्या प्रकारचा आहे, हे क्रमनिर्धारणानेच निश्चित होते. त्यासाठी नमुन्यात विषाणूचे प्रमाण पुरेसे असावे लागते. ओमायक्रॉनच्या आरंभीच्या उपप्रकारात काही तपासणी-संचांना शूक प्रथिनाचे (विषाणूच्या पृष्ठावरील काट्यांच्या घटकाचे) जनुक आढळत नसे. त्यामुळे प्राथमिक संशय घेता येई. पण हे लक्षण सर्व उपप्रकारांत नसल्याने त्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही.

राष्ट्रीय यंत्रणा : केंद्र शासनाने ३० डिसेंबर २०२० रोजी दहा प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा संघ स्थापन केला. आरोग्य मंत्रालय, जैवतंत्रज्ञान विभाग, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांचा त्यात सहभाग असून आरंभीच्या दहांपैकी दोन प्रयोगशाळा—राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था व राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र—पुण्यातील होत्या. पुढे प्रयोगशाळांची संख्या वाढविण्यात आली. बाधित नमुन्यांपैकी ५ टक्के नमुने तपासण्याचे मूळ उद्दिष्ट होते. नंतर प्रत्येक राज्यातील निवडक प्रयोगशाळा व रुग्णालये यांमधून नियमित नमुने घेण्याची प्रहरी पद्धती स्वीकारण्यात आली.

या यंत्रणेचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही महाराष्ट्रात दिसून आल्या. राज्यातील नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तने एकत्र असलेला प्रकार १५ ते २० टक्के प्रमाणात आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केले. तोपर्यंत राज्यातील रुग्णसंख्या झपाट्याने वाढू लागली होती. याच विषाणुकुलातील एका प्रकारास पुढे डेल्टा हे नाव मिळाले.

कल्याण-डोंबिवलीचा अनुभव : मुंबईपासून ठाण्यापर्यंत १८५३ मध्ये व कल्याणपर्यंत १८५४ मध्ये लोहमार्ग सुरू झाला. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीची सु. १२·५ लाख होती. येथील असंख्य रहिवासी नोकरीनिमित्त रोज मुंबईस ये-जा करीत असल्याने एका शहरातील संसर्ग त्याच्याच हद्दीत राहण्याचा संभव कमी असतो.

दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी नव्या प्रकाराची माहिती जागतिक आरोग्य संघटनेस दिली व २६ नोव्हेंबरला त्याचे ओमायक्रॉन असे नामकरण झाले. त्याच २४ तारखेस दक्षिण आफ्रिकेहून दुबई व दिल्लीमार्गे मुंबईत उतरलेल्या कल्याण-डोंबिवलीच्या एका रहिवाशास याच प्रकाराचा संसर्ग झाल्याचे ४ डिसेंबरला जाहीर झाले. राज्यातील हा पहिला व देशातील चौथा रुग्ण होय. रुग्णाचा आजार सौम्य होता. त्याच्या निकट सहवासातील १२ व अन्य २३ व्यक्तींचा शोध घेण्यात आला. तपासणीत त्या बाधित आढळल्या नाहीत. धोक्याच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांची विमानतळावरच सक्तीने तपासणी करण्याचे सुधारित नियम मात्र डिसेंबरच्या आरंभी लागू झाले, म्हणजे हा प्रवासी घरी पोहोचल्यानंतर.

आगमन व निष्कर्षाची घोषणा यांत दहा दिवस गेले. एवढ्या अवधीत संसर्ग अनेकांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून विलगीकरण व सहवासितांचा शोध यांसाठी जीनोमच्या निष्कर्षाची वाट पाहणे योग्य नव्हे. साध्या परीक्षेत बाधा दिसताच ही कामे सुरू व्हावी लागतात. एका रुग्णाच्या उपचारापेक्षा समाजात कोणता प्रकार पसरत आहे हे कळणे, हा क्रमनिर्धारणाचा मुख्य उपयोग आहे.

नैतिक बाजू : नमुना व्यक्तीचा असतो, पण त्यापासून मिळणारे ज्ञान समाजाच्या उपयोगाचे असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत संमती व गोपनीयता यांवर भर दिलेला आहे. नव्या प्रकाराचा पहिला रुग्ण कोणत्या शहरातील आहे हे जाहीर होताच शेजारीपाजारी त्याची ओळख पटण्याचा संभव असतो. ओळख उघड होण्याच्या भीतीने लोक तपासणी टाळू लागले, तर निरीक्षणाचा पायाच ढासळतो. त्यामुळे रुग्णाची गोपनीयता राखणे ही केवळ सौजन्याची बाब नसून निरीक्षणाच्या यशाची अट आहे.

भवितव्य : ऑक्टोबर २०२१ मध्ये आरंभ झालेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात चार नव्या प्रादेशिक विषाणुविज्ञान संस्था व २० महानगरीय निरीक्षण केंद्रे यांची तरतूद करण्यात आली. तथापि प्रयोगशाळा वाढल्या तरी नमुन्यासोबत रुग्णाचे वय, लक्षणे, लसीकरण व प्रवास यांची अचूक नोंद न आल्यास आढळलेल्या उत्परिवर्तनाचा अर्थ लावता येत नाही. ही नोंद करणारी महानगरपालिकेची आरोग्यसेविका व नमुना घेणारा तंत्रज्ञ हे या राष्ट्रीय यंत्रणेचे पहिले घटक होत. त्यांचे प्रशिक्षण, त्यांची पुरेशी संख्या आणि प्रयोगशाळेचा निष्कर्ष त्यांच्यापर्यंत त्वरेने परत पोहोचणे, यांवर जीनोम निरीक्षणाची उपयुक्तता अवलंबून आहे.