ए, बी आणि एक बेपत्ता लॉर्ड

२०२२च्या अखेरीस इंग्लंडच्या वर्तमानपत्रांना एक खमंग बातमी मिळाली. ब्रॅडफर्ड विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ प्रा. हसन उगेल यांनी चेहरा ओळखणाऱ्या अल्गोरिदमला १९७४मध्ये एका खुनानंतर बेपत्ता झालेल्या लॉर्ड लुकनचे जुने फोटो दिले, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका वृद्ध बौद्ध गृहस्थाचे फोटो दिले, आणि दोन्ही माणसं एकच असल्याचा निर्वाळा यंत्राने दिला. अठ्ठेचाळीस वर्षं गुंगारा देणारा फरारी अखेर सापडला म्हणायचा! तो माणूस लुकन नव्हे, असं पोलिसांनी स्पष्ट केलं. पण हा खुलासा अर्थातच मूळ बातमीइतका गाजला नाही.

मुळात अशा दाव्याचं गणितच तपासायला हवं. समजा, एखादा अल्गोरिदम दहा लाख चेहऱ्यांत एकदाच चुकतो. जगात आठशे कोटी माणसं आहेत, म्हणजे लुकनशी ‘जुळणारे’ आठ हजार चेहरे निघतील. त्यातून तुलना कशाची? एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंतच्या फोटोंची, सत्त्याऐंशीच्या घरातल्या चेहऱ्याशी.

चेहऱ्यावरून लुकन ‘सापडण्याचा’ हा प्रकार जुना आहे. २००३मध्ये स्कॉटलंड यार्डच्या एका माजी अधिकाऱ्याने पुस्तक लिहून त्याला थेट आपल्या गोव्यात आणून बसवलं. दाढी वाढवलेला हा ‘जंगल बॅरी’ म्हणजेच लुकन, असं त्याचं म्हणणं. फोटो छापून येताच बॅरीच्या जुन्या मित्रांनी त्याला ओळखलं. तो उत्तर इंग्लंडमधला लोकगीतं गाणारा कलावंत निघाला. बिचारा १९९६मध्येच वारला होता.

त्या मानाने १९७४च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियन पोलिसांनी शास्त्रशुद्ध काम केलं. मेलबर्नमध्ये एक संशयास्पद इंग्रज त्यांच्या हाती लागला. लुकनच्या मांडीवर जखमेचा लांब व्रण होता, म्हणून त्यांनी त्याला पँट उतरवायला लावली. व्रण नव्हता. तो निघाला जॉन स्टोनहाउस, मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून बुडाल्याचं नाटक करणारा ब्रिटिश खासदार. गेले एकाला शोधायला, मिळाला दुसराच फरारी.

मूळ प्रकरण ७ नोव्हेंबर १९७४च्या रात्रीचं. लुकन सातवा अर्ल, पट्टीचा जुगारी, मित्रांत ‘लकी’ म्हणून प्रसिद्ध आणि तोवर कर्जात बुडालेला. पत्नी व्हेरॉनिकाशी फारकत झालेली. तीन मुलांच्या ताब्यासाठीचा खटला १९७३मध्ये तो हरला होता. त्यानंतर तो पत्नीच्या घरावर पाळत ठेवायचा, तिच्याशी झालेलं बोलणं टेप करायचा. त्या रात्री लंडनच्या लोअर बेलग्रेव्ह स्ट्रीटवरच्या घरात मुलांना सांभाळणारी सँड्रा रिव्हेट चहा करायला तळघरात उतरली. एरवी गुरुवारी तिची सुट्टी असे. त्या आठवड्यात तिने ती बदलून घेतली होती. तळघरातला दिवा काढून ठेवलेला होता. शिशाच्या नळीने तिचा खून झाला. तिला शोधायला आलेल्या व्हेरॉनिकावर जिन्याच्या तोंडाशी हल्ला झाला. रक्तबंबाळ अवस्थेत ती जवळच्या पबमध्ये धावत गेली आणि हल्लेखोर म्हणून तिने नवऱ्याचं नाव घेतलं. तीन दिवसांनी लुकनने वापरलेली मित्राची गाडी न्यूहेवन बंदराजवळ मिळाली. आत रक्ताचे डाग होते. लुकन नव्हता.

या साऱ्या गदारोळात जिचं नाव मागे पडलं ती म्हणजे मार्गारेट परेरा. लंडन पोलिसांच्या प्रयोगशाळेत १९४७पासून काम करणारी ही रक्ततज्ज्ञ सहकाऱ्यांत ‘मिस मर्डर’ म्हणून ओळखली जाई. ओल्या रक्ताचा गट काढणं लँडस्टायनरच्या १९०१च्या शोधानंतर सोपं झालं होतं. वाळलेल्या डागाचा गट काढण्याची रीत इटलीत लिओने लाटेस यांनी १९१५च्या सुमारास बसवली, आणि तिचा सुरुवातीचा उपयोग खुनासाठी झालाच नाही. नवऱ्याच्या सदऱ्यावरच्या डागावरून एका बायकोने घरात रान उठवलं होतं. रक्त नवऱ्याचं स्वतःचंच असल्याचं लाटेस यांनी दाखवून दिलं आणि संसार वाचला. अडचण एवढीच, की या पद्धतीला डाग चांगला मोठा लागे.

परेरा आणि त्यांचे वरिष्ठ निकोल्स यांनी १९६२मध्ये मांडलेल्या पद्धतीला कापडाचा जेमतेम दिसेल एवढा धागा पुरतो. डाग पडलेला धागा अँटी-ए किंवा अँटी-बी सीरममध्ये ठेवायचा. त्यातला जुळणारा प्रतिद्रव्याचा रेणू वाळलेल्या रक्ताला चिकटतो. धागा थंड द्रावणात नीट धुतला की न चिकटलेलं सारं वाहून जातं. मग ५५ अंशांच्या आसपास ऊब द्यायची. चिकटलेली प्रतिद्रव्यं सुटतात. त्यांत ओळखीच्या गटाच्या ताज्या तांबड्या पेशी सोडायच्या. गुठळ्या झाल्या की गट कळला. रक्ताने काय धरून ठेवलं होतं हे त्याने सोडून दिल्यावर ओळखायचं, अशी ही नामी युक्ती आहे.

लुकन प्रकरणातले डाग परेरा यांनी तपासले. व्हेरॉनिकाचा गट ए, सँड्राचा बी. ब्रिटनमधलं गटांचं प्रमाण पाहता कुठल्याही दोन माणसांचा गट एकच निघण्याची शक्यता पाचांत दोन एवढी मोठी. तसं झालं असतं, तर घरभरचे डाग मुके राहिले असते. ‘लकी’ लुकनचं नशीब इथे फिरलं. तळघरात मुख्यतः बी, वरच्या मजल्यावर जिन्यापाशी मुख्यतः ए. कोण कुठे मार खाऊन पडलं, याचा जणू नकाशाच. व्हेरॉनिकाच्या जबानीशी तो बऱ्यापैकी जुळत होता. गाडीत दोन्ही गटांच्या खुणा मिळाल्या.

पण रक्तगट म्हणजे पिनकोड. गाव कळतं, घर कळत नाही. धागा ए आणि बी दोन्हींना प्रतिसाद देतो, तेव्हा दोन माणसांचं रक्त मिसळलंय की एबी गटाचा तिसराच कोणी होता, हे त्या चाचणीला सांगता येत नसे. ब्रिटनमध्ये बी गट आठ-नऊ टक्क्यांचा, म्हणून त्याला थोडं तरी वजन. पुण्या-मुंबईत तो सर्रास सापडतो. माणूसच ओळखणारं डीएनए तंत्र अॅलेक जेफ्रीज यांच्या हाती आलं १९८४मध्ये, दहा वर्षं उशिरा.

शिवाय, तळघराच्या खिडकीतून मारामारी दिसली म्हणून आपण आत धावलो आणि रक्तावरून घसरलो, अशी लुकनची कहाणी होती. ती खरी मानली तरी त्याच्या कपड्यांवर रक्त येणारच. रक्त कुणाचं हे प्रयोगशाळा सांगू शकत होती. नळी कुणाच्या हातात होती, हे नाही. परेरा यांनी पुराव्याची ही मर्यादा कधी ताणली नाही. आजच्या अल्गोरिदमवाल्यांनी त्यांच्याकडून निदान एवढं शिकावं.

जून १९७५मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या ज्यूरीने सुमारे अर्ध्या तासात लुकनला खुनी ठरवलं. असं खुनी म्हणून नाव घेण्याचा हा अधिकार पुढे १९७७च्या कायद्याने काढून घेतला गेला. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने लुकनच्या मृत्यूचा दाखला दिला आणि त्याचा मुलगा आठवा अर्ल झाला. सँड्रा रिव्हेटच्या खुनाचा खटला आजतागायत कुणावरही चाललेला नाही.