हृदयध्वनींची स्मरणसूत्रे आणि लगक्रम

भारतीय वैद्यकाचे अनेक ग्रंथ पद्यात रचले गेले, त्यामागे पाठांतराची सोय हे एक प्रमुख कारण होते. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'ची रचना मुख्यतः श्लोकबद्धच आहे. (नावातील 'हृदय' म्हणजे सार, अवयव नव्हे.) तेथे आशय श्लोकातच असतो. आजचा विद्यार्थी हृदयविज्ञान शिकताना जी स्मरणसूत्रे वापरतो त्यांची जात निराळी आहे. त्यांत आशय नसतो. आशयाकडे नेणारी खूण तेवढी असते. ती खूण ध्वनीची आहे की लिपीची, हा प्रश्न मात्र वैद्यकाचा नसून भाषाभ्यासाचा आहे.

हृदयाच्या चार झडपांचे ध्वनी छातीवर ज्या चार ठिकाणी ऐकावयाचे, त्यांचा क्रम महाधमनी झडप, फुफ्फुसधमनी झडप, त्रिदल झडप आणि द्विदल झडप असा आहे. त्यांची इंग्रजी नावे एऑर्टिक, पल्मनरी, ट्रायकस्पिड आणि मायट्रल. हा क्रम ध्यानी राहावा म्हणून 'ऑल फिजिशियन्स टेक मनी' हे वाक्य सर्वत्र घोकले जाते. सर्व वैद्य पैसे घेतात, हा त्यातील खट्याळपणा स्मरणास साह्य करतो, हे खरे. तथापि सूत्राची बांधणी पाहिली तर 'पल्मनरी'तील प आणि 'फिजिशियन्स'मधील फ हे दोन भिन्न ध्वनी आहेत. 'एऑर्टिक' आणि 'ऑल' यांचे आरंभही कानाला एक वाटत नाहीत. साम्य आहे ते रोमन अक्षरांचे. जे पाठांतराचे वाक्य म्हणून मिरवते ते वस्तुतः डोळ्यांचे सूत्र आहे.

'विल्यम मॅरो' या सूत्रात हे टोकाला जाते. विद्युत्संवेग वाहून नेणाऱ्या तंतुजुडग्याच्या डाव्या शाखेत अडथळा आला, तर हृदयाच्या विद्युतालेखात छातीवरील पहिल्या जोडणीत रोमन 'डब्ल्यू'सारखी आणि सहाव्या जोडणीत 'एम'सारखी आकृती उमटते. उजव्या शाखेत अडथळा असता क्रम उलटा होतो. 'विल्यम' या नावाचे आद्याक्षर 'डब्ल्यू', अंत्याक्षर 'एम' आणि मध्ये जोड 'एल', म्हणजे 'लेफ्ट', अर्थात डावी शाखा. 'मॅरो'त 'एम'ने आरंभ, 'डब्ल्यू'ने शेवट आणि मध्ये जोड 'आर', म्हणजे 'राइट', उजवी. (प्रत्यक्ष आलेखात आकृती नेहमीच इतकी सुबक नसते.) येथे अक्षर हे ध्वनीचे चिन्ह न राहता चित्र झाले आहे. देवनागरीत 'विल्यम मॅरो' असे लिहिताच सूत्र निष्प्राण होते. व आणि म यांच्या वळणांत त्या आलेखाचा मागमूस नाही.

२०२२ मध्ये भोपाळ येथे शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. मराठीसही हा विचार नवा नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एकोणिसाव्या शतकात काही काळ मराठी वर्ग चालत. अशा प्रयत्नांची चर्चा बहुधा परिभाषेपाशी थांबते. कर्णिका आणि जवनिका ही नावे सिद्ध झाली की काम झाले, असे मानले जाते. विद्यार्थ्याची स्मृती ज्या सूत्रांवर उभी असते ती अनुवादात गळून पडतात, याची दखल क्वचितच घेतली जाते.

एक सूत्रयुग्म मात्र खरोखरीच कानाचे आहे. 'लब-डब' या दोन नित्य ध्वनींच्या जोडीला कधी तिसरा, तर कधी चौथा ध्वनी ऐकू येतो. तिसरा ध्वनी दुसऱ्याच्या पाठोपाठ येतो. प्रौढ वयात तो बहुधा थकलेल्या जवनिकेची सूचना असतो, तरुणांत तो निर्दोषही असू शकतो. चौथा पहिल्याच्या किंचित आधी येतो आणि ताठर जवनिकेकडे बोट दाखवतो. दोन्ही मंद्र व क्षीण. स्टेथोस्कोपची घंटेच्या आकाराची बाजू छातीवर हलकी टेकवली तरच सापडणारे. एकाला दुसरा समजले तर निदानाची दिशा बदलते. म्हणून 'केंटकी' (पहिला, दुसरा, तिसरा) आणि 'टेनेसी' (चौथा, पहिला, दुसरा) ही अमेरिकेतील दोन राज्यांची नावे लयीसाठी पुटपुटली जातात.

एका ध्वनीपासून पुढच्या ध्वनीपर्यंतचे अंतर लघु किंवा गुरू मानले, तर तिसऱ्या ध्वनीच्या चालीत गुरू, लघु, गुरू असा क्रम लागतो, हा रगण. चौथ्याच्या चालीत लघु, गुरू, गुरू; हा यगण. मराठी उच्चारातील 'केंटकी' योगायोगाने रगणातच बसते. 'टेनेसी' मात्र तीन गुरूंचा मगण होते, आणि ज्या आरंभीच्या लघूसाठी ते नाव योजले तोच नाहीसा होतो. मूळ उच्चारातील आघात मराठी कानाला आपोआप लाभत नाही. उलट वृत्तशास्त्राच्या विद्यार्थ्यास सुपरिचित असलेल्या 'यमाताराजभानसलगं' या सूत्रात दोन्ही चाली तयार आहेत : 'यमाता' हा चौथ्या ध्वनीचा ठेका, 'राजभा' हा तिसऱ्याचा. या सूत्राचे वैशिष्ट्य असे की त्यातील प्रत्येक गण स्वतःचे उदाहरणही असतो. 'फिजिशियन्स'च्या वाक्याला ते साधलेले नाही. संस्कृत वृत्तांचा वारसा असलेल्या इतर भारतीय भाषांतही ही योजना जशीच्या तशी चालू शकेल.

अर्थात नाडी फार जलद झाली की तिसरा आणि चौथा ध्वनी एकमेकांत मिसळतात आणि गण ओळखू येत नाही. कर्णिकांचे नियमित आकुंचन थांबून त्यांत नुसती थरथर उरली, तर 'यमाता'तील 'य' मुळातच उमटत नाही. कारण चौथा ध्वनी कर्णिकेच्या आकुंचनातून जन्मतो. उरलेल्या ध्वनींतील अंतरेही मग ठोक्यागणिक बदलत जातात.